एक्स्प्रेस भरत आलं, आता कुठला डेटाबेस घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा: मशीद बंदरला ऑफिस, भिवंडीत दोन गोदामं, एका वेळी सिस्टीमवर ३५ माणसं. बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर काही वर्षांपूर्वी एका डेव्हलपरकडून करून घेतलेलं, खाली एसक्यूएल सर्व्हरची फुकट एक्स्प्रेस आवृत्ती. डेटा ९ जीबीच्या पुढे गेलाय आणि या आवृत्तीला मर्यादा १० जीबीची. एक व्हेंडर म्हणतो स्टँडर्डचं लायसन्स घ्या. दुसरा म्हणतो धंदा वाढणार आहे, सरळ ओरॅकल टाका. घरातला इंजिनिअर पुतण्या म्हणतो पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल फुकट असताना पैसे कशाला घालवायचे? ऐकायचं कुणाचं?

तिघांपैकी ओरॅकलवाल्याला चहा पाजून परत पाठवा, कारण पुढे येईलच. उरलेल्या दोघांत व्हेंडर खरा की पुतण्या, हे तुमच्या सॉफ्टवेअरवर ठरणार आहे. वेगाचा मुद्दा आधीच बाजूला ठेवू. ३५ माणसं, दिवसाला हजार-दोन हजार बिलं, वीस-तीस जीबी डेटा, एवढ्या कामाला यातला कुठलाही डेटाबेस दमत नाही. सॉफ्टवेअर रडत असेल तर बहुतेक वेळा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) नसतो किंवा क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) वेडीवाकडी असते, आणि नव्या डेटाबेसवर नेली तरी ती तशीच वेडीवाकडी राहते. बघायचं ते एवढंच: तो कुठे अडवतो, किती बिल लावतो, आणि रात्री बंद पडला तर उभा करणारा माणूस मुंबईत मिळतो का.

हे ९ जीबी आहे कशाचं?

काही विकत घेण्याआधी मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हर सांभाळायचं टूल) उघडा, डेटाबेसवर राइट क्लिक करून रिपोर्ट्समधला ‘डिस्क युसेज बाय टॉप टेबल्स’ काढा. अशा डेटाबेसमध्ये नेहमी सापडणारे पाहुणे ठरलेले असतात: एलआरचे (ट्रकच्या पावतीचे) आणि ई-वे बिलाचे स्कॅन थेट टेबलात कोंबलेले, एसएमएसचा लॉग जो कुणी कधी पुसला नाही, आणि डेव्हलपरने ‘जरा वेळ’ म्हणून करून ठेवलेल्या जुन्या टेबलांच्या प्रती. स्कॅन बाहेर फोल्डरमध्ये हलवा, टेबलात फक्त फाइलचा पत्ता ठेवा. जुन्या वर्षांच्या मोठ्या टेबलांवर पेज कॉम्प्रेशन (डेटा दाबून कमी जागेत ठेवणं) लावा. २०१६ च्या सर्व्हिस पॅक १ पासून ती सोय एक्स्प्रेसमध्येही आहे.

एक खबरदारी. ओळी पुसल्या तरी फाइलचा आकार कमी होत नाही, म्हणून लोक घाबरून ‘श्रिंक’ (फाइल आकसायची कमांड) मारतात. मारू नका. आत मोकळी झालेली जागा नव्या ओळींसाठी वापरली जाते. श्रिंकने मात्र इंडेक्सची पानं अस्ताव्यस्त होतात आणि दुसऱ्या दिवशी सगळंच मंदावतं. मर्यादा फक्त डेटा फाइलला आहे, लॉग फाइल (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी) तीत धरत नाहीत. आणि मर्यादा खरंच गाठलीत तर काय होतं? जुनी बिलं दिसत राहतात, नवं बिल सेव्ह होत नाही, आणि ११०५ किंवा १८२७ क्रमांकाचा एरर येतो. हे बहुधा ३१ मार्चच्या संध्याकाळीच होतं, कारण त्या दिवशी नोंदी जास्त.

१० जीबीची मर्यादा २०२२ पर्यंतच्या एक्स्प्रेसला आहे. २०२५ च्या एक्स्प्रेसमध्ये ती ५० जीबी झाली. हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच मिटला. तसा तो मिटत नाही, कारण एक्स्प्रेसला डेटा मेमरीत धरून ठेवायला मिळतात फक्त १४१० एमबी, आणि प्रोसेसरचे जास्तीत जास्त ४ कोअर. गोदाम पाचपट केलं, दरवाजा तेवढाच ठेवला. सर्व्हरला ६४ जीबी रॅम असली तरी एक्स्प्रेस ती बघत बसतो आणि डिस्कवर खेपा मारतो. आज तुमचा महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट दहा मिनिटं घेत असेल तर संशयित हा आहे. तरीही सहा-आठ महिने विचार करायला हवे असतील तर २०२५ एक्स्प्रेसवर चढणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. फक्त परतीचं तिकीट नाही: वरच्या आवृत्तीचा बॅकअप खालच्या आवृत्तीवर रिस्टोअर होत नाही. जुनी मशीन आहे तशी राहू द्या, प्रत नव्यावर चढवून आठवडाभर ताडून बघा, मगच बदला.

स्टँडर्डचं बिल

एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड दोन तऱ्हांनी मिळतो. एक, कोअरप्रमाणे: किमान ४ कोअर घ्यावेच लागतात आणि ते दोन-दोनच्या जोडीने विकतात. दुसरी तऱ्हा, सर्व्हरचं एक लायसन्स आणि माणशी किंवा मशीनमागे एक कॅल (वापरायचा परवाना). २०२२ आवृत्तीचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले अमेरिकी दर घेऊ: दोन कोअरची जोडी ३,९४५ डॉलर, सर्व्हर लायसन्स ९८९, कॅल २३०. चार कोअरचे झाले ७,८९०. कॅलच्या मार्गाने ३० माणसांचे ९८९ अधिक ६,९००, म्हणजे ७,८८९. काटा बरोबर तिसाव्या माणसावर आहे. तुम्ही ३५, म्हणजे कोअरच घ्यायचे, आणि मग चाळीसावा माणूस आला तरी पैसे वाढत नाहीत. हिंदुस्थानी डीलरचं कोटेशन वेगळं येईल, वर १८ टक्के जीएसटी लागेल, पण या हिशोबाची पद्धत तीच राहते. डीलरने आठ कोअरचं कोटेशन दिलं तर विचारा, का? डेटाबेस चार कोअरच्या व्हर्च्युअल मशीनवर (एकाच सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने पाडलेल्या वेगळ्या मशीनवर) ठेवला तर फक्त त्या मशीनचे चार कोअर मोजता येतात. मात्र २०२२ पासून व्हर्च्युअल मशीनप्रमाणे मोजायचं तर सब्स्क्रिप्शन किंवा सॉफ्टवेअर अश्युरन्स (लायसन्सवरचा मायक्रोसॉफ्टचा वेगळा करार) लागतं, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

‘आमचं सॉफ्टवेअर सर्व्हरला एकाच लॉगिनने जोडलंय, म्हणजे एक कॅल पुरे’ ही पळवाट चालत नाही. मध्ये वेब ॲप्लिकेशन असो की आणखी काही, शेवटी वापरणारी माणसं मोजतात.

स्टँडर्ड घेतल्यावर तीन गोष्टी त्याच दिवशी करायच्या. मेमरीला वरची मर्यादा घाला, कारण डीफॉल्टने तो मिळेल तेवढी गिळतो आणि विंडोजचाच श्वास कोंडतो. ३२ जीबीच्या मशीनवर २६ च्या आसपास ठेवा. दुसरं, रिकव्हरी मॉडेल (लॉग किती जपायचा याचं सेटिंग) ‘फुल’ असेल तर लॉगचा बॅकअप दर पंधरा मिनिटांनी लावा. फुल मॉडेल आहे आणि लॉग बॅकअप नाही, अशा ठिकाणी लॉग फाइल फुगत फुगत डिस्क खाऊन टाकते; ‘सर्व्हर अचानक बंद पडला’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच निघतं.

तिसरी गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मूळ सेटिंगला वाचणारा लिहिणाऱ्याला अडवतो आणि लिहिणारा वाचणाऱ्याला. शेठनी वरच्या मजल्यावर वर्षभराचा विक्री रिपोर्ट लावला की भिवंडीतल्या काउंटरवर बिल अडकतं, आणि फोन येतो ‘सिस्टीम हँग झाली’. यावर डेव्हलपर लोक प्रत्येक क्वेरीत ‘नोलॉक’ (कुलूप न बघता वाच) पेरून ठेवतात. अडकणं थांबतं, पण मग रिपोर्टमध्ये कमिट न झालेली, म्हणजे पक्की न झालेली बिलं येतात, एखादी ओळ दोनदा मोजली जाते, एखादी सुटते. आणि दोन रिपोर्टांची बेरीज जुळत नाही म्हणून अकाउंटवाले रात्र जागतात. खरा इलाज ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ चालू करणं, म्हणजे वाचणाऱ्याला आधीची पक्की प्रत मिळते. एक कमांड आहे, तेवढ्यापुरतं सगळ्यांना बाहेर काढावं लागतं, आणि नंतर टेम्पडीबीला (तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसला) जागा जास्त लागते. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबी या नेहमीच्या साठवण इंजिनात साधा वाचणारा लिहिणाऱ्याच्या वाटेत मुळातच येत नाही.

ओरॅकल का नको

ओरॅकल वाईट नाही. मोठ्या बँकांत आणि टेलिकॉममध्ये तो आहे तो उगाच नाही. पण तुमच्या मापाचा तो कपडा नव्हे. एंटरप्राइझ आवृत्तीचा जाहीर दर प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर, वर दरवर्षी २२ टक्के सपोर्ट, म्हणजे १०,४५० डॉलर. इंटेलच्या चिपला दोन कोअर मिळून एक प्रोसेसर धरतात. स्टँडर्ड एडिशन २ सॉकेटमागे (चिपच्या खाचेमागे) १७,५०० ला आहे, दोनच सॉकेटच्या मशीनवर चालते आणि एका वेळी १६ थ्रेडच वापरते.

दरापेक्षा जास्त दुखणारी गोष्ट वेगळीच आहे. एंटरप्राइझमध्ये पार्टिशनिंग, डायग्नॉस्टिक पॅक, ट्यूनिंग पॅक हे सगळं वेगळ्या पैशाचं, पण सॉफ्टवेअरमध्ये आधीच बसवलेलं असतं आणि कुणी वापरलं तर ते अडवत नाही, फक्त नोंद ठेवतं. नवखा माणूस एडब्ल्यूआर हा डायग्नॉस्टिक पॅकमधला वेगाचा रिपोर्ट काढतो, दोन वर्षांनी ऑडिट येतं आणि ती नोंद समोर ठेवली जाते. व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल मशीनवर टाकलात तर आणखी वाद: ओरॅकल त्या विभागणीला मानत नाही आणि आख्ख्या क्लस्टरचे (जोडलेल्या सगळ्या सर्व्हरचे) कोअर मागते. हे सांभाळायला पगारी माणूस लागतो. फुकट आवृत्ती आहे, पण तिला १२ जीबी डेटा, २ जीबी रॅम आणि प्रोसेसरचे दोनच थ्रेड. तुमच्या आत्ताच्या एक्स्प्रेसपेक्षा फार पुढे नाही.

पोस्टग्रेस की मायएसक्यूएल

पुतण्याला विचारायचा पहिला प्रश्न: सॉफ्टवेअर नवं लिहिणार की तयार घेणार? तयार घेणार असाल तर निवड तुमच्या हातात राहतच नाही. ओडू फक्त पोस्टग्रेसवर चालतं. मुंबईतच घडलेलं ईआरपीनेक्स्ट मुख्यतः मारियाडीबी या मायएसक्यूएलच्या फाट्यावर. सॅप बिझनेस वन एसक्यूएल सर्व्हर किंवा सॅपच्याच हाना डेटाबेसवर. अशा वेळी आवडीचा डेटाबेस धरून बसू नका. सॉफ्टवेअर कामाचं बघा, डेटाबेस त्याच्यामागून येऊ द्या.

नवं लिहिणार असाल तर माझं मत पोस्टग्रेसला, आणि ते फुकटपणासाठी नाही. टेबलाची रचना बदलताना मध्येच चुकलं तर पोस्टग्रेस सगळंच्या सगळं मागे घेतो. मायएसक्यूएल प्रत्येक रचनाबदलाला आपोआप कमिट मारतो, त्यामुळे दहातले सहा बदल होऊन सातव्याला अडकलात तर अर्धवट अवस्थेत उभे राहता, रविवारी रात्री. ‘स्टॉक शून्याखाली जाऊ नये’ असा चेक मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी निमूट स्वीकारायचा आणि पाळायचा मात्र नाही. जुन्या सेटिंगवर तर रकमेच्या खान्यात न मावणारा आकडा कापून भरायचा, फक्त वॉर्निंग देऊन. आता हे दुरुस्त झालंय, पण होस्टिंगवाल्यांकडच्या जुन्या मशीनवर ५.७ अजून भेटतं. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, ८.० ची मुदत एप्रिल २०२६ ची. नवं काही करायचं तर ८.४ घ्या. मायएसक्यूएल २०१० पासून ओरॅकल कंपनीचं आहे, आणि त्याच्या मूळ लेखकाने वेगळा काढलेला मारियाडीबी आता इतका लांब गेलाय की एकाची फाइल दुसऱ्यावर सहज चढेल असं धरून चालू नका.

पोस्टग्रेसलाही स्वतःच्या खोडी आहेत आणि पुतण्याने त्या सांगितलेल्या नसणार. त्यात ओळ अपडेट केली की जुनी जागेवर पडून राहते आणि नवी प्रत लिहिली जाते. मेलेल्या ओळी झाडण्याचं काम ऑटोव्हॅक्यूमचं. डीफॉल्टने टेबलाच्या २० टक्के अधिक ५० ओळी मेल्या की तो उठतो. एक कोटी ओळींच्या लेजरमध्ये २० लाख मेल्या तरी तो झोपलेलाच; त्या टेबलापुरतं प्रमाण २ टक्क्यांवर आणा. त्याहून मोठा शत्रू म्हणजे उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गठ्ठा). सॉफ्टवेअरने बिलाची स्क्रीन उघडतानाच ट्रान्झॅक्शन सुरू केलं, क्लार्क स्क्रीन तशीच ठेवून जेवायला गेला, की तोवर मेलेली एकही ओळ झाडता येत नाही. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ची मुदत पाच-दहा मिनिटं ठेवून द्या, आणि डेव्हलपरला सांगा की ट्रान्झॅक्शन सेव्हच्या बटणानंतर सुरू होतं, आधी नाही.

कनेक्शनची मर्यादा डीफॉल्टने १००, त्यातल्या तीन सुपरयूजरसाठी राखीव. तुमच्या ३५ मशीनवरचं सॉफ्टवेअर प्रत्येकी तीन कनेक्शन उघडत असेल तर झाले १०५, आणि शेवटच्या माणसाला आत जागा नाही. आकडा ५०० करून टाकणं हा इलाज नव्हे, कारण प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक वेगळी प्रोसेस. मध्ये पीजीबाउन्सर बसवा, तो थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून देतो. मेमरीचं डीफॉल्ट दोघांचंही हास्यास्पद, १२८ एमबी: फक्त डेटाबेससाठी असलेल्या ३२ जीबीच्या मशीनवर पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स (डेटा धरायची मेमरी) ८ जीबी, मायएसक्यूएलचा बफर पूल २० ते २२ जीबी. आणि लिनक्स बदलताना जपा. जुन्या सेंटओएस ७ लिनक्सवरची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी नव्या लिनक्सवर उचलून ठेवली तर अक्षरांचा क्रम लावणारी लायब्ररी बदललेली असते. नावांचे इंडेक्स आतून चुकीचे होतात आणि ‘पार्टी आहे पण शोधल्यावर सापडत नाही’ असं सुरू होतं. इंडेक्स पुन्हा बांधा किंवा डंप (डेटाची पूर्ण प्रत) काढून भरा.

मराठी नावं

हे तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण हमालांचे, ट्रकवाल्यांचे आणि गावाकडच्या पार्ट्यांचे नाव-पत्ते मराठीत भरायचे तर इथे चार डेटाबेसांत खरा फरक दिसतो. ‘ज्ञानेश्वर’ घ्या. आपल्याला दिसतात चार अक्षरं. युनिकोडमध्ये ती होतात दहा चिन्हं: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण तीस. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये व्हारकॅर १० (दहा चिन्हांचा मजकूर कॉलम) मध्ये हे नाव बरोबर बसतं, कारण ते चिन्हं मोजतात. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ लिहून २० म्हटलंत तर ते डीफॉल्टने २० बाइट, आणि ज्ञानेश्वर दारातच अडतो. तिथे लांबी ‘कॅर’मध्ये सांगावी लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम एनव्हारकॅर हवा आणि क्वेरीत मजकुरापुढे एन हे अक्षरही हवं. ते विसरलं की नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग साठते, आणि ती परत अक्षरांत येत नाही, मूळ डेटा गेला तो गेला. मायएसक्यूएलमध्ये जुनं ‘यूटीएफ८’ तीन बाइटचंच आहे, देवनागरी त्यात मावते, पण पार्टीच्या नावात कुणी इमोजी टाकला की बिघडतं. सुरुवातीपासून ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवा.

मराठीची खास डोकेदुखी म्हणजे ‘कुऱ्हाडे’. एक क्लार्क ते ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून लिहितो, दुसरा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. स्क्रीनवर दोन्ही सारखी, डेटाबेसला दोन वेगळी माणसं, आणि एकाच पार्टीची दोन खाती. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही ही दोन रूपं एक करत नाही. भरतानाच सॉफ्टवेअरने एक रूप ठरवून बदलून घ्यावं, आणि पार्टी ओळखायची ती जीएसटीआयएन किंवा मोबाइलवरून, नावावरून नाही. यादीत ळ आपल्याला ह नंतर हवा असतो. नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं तर तो ल च्या शेजारी येऊन बसतो. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) लावता येतं.

बिलाचा नंबर

डेटाबेसच्या आपोआप वाढणाऱ्या नंबरवर बिल नंबर सोडू नका, डेटाबेस कुठलाही असो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर ओळीने हवा, आर्थिक वर्षात एकदाच आलेला हवा आणि जास्तीत जास्त १६ चिन्हांचा हवा. आपोआप नंबर ओळीने राहण्याची हमी कुठलाच डेटाबेस देत नाही. बिल रद्द होऊन रोलबॅक झालं (ट्रान्झॅक्शन मागे घेतलं) तर चौघांतही नंबर वाया जातो. एसक्यूएल सर्व्हर वीज जाऊन अचानक बंद पडला तर आयडेंटिटी (त्याचा आपोआप वाढणारा नंबर) थेट हजाराने पुढे उडी मारू शकते. मायएसक्यूएल ५.७ मध्ये उलटं: शेवटची ओळ पुसून सर्व्हर पुन्हा सुरू केला की तोच नंबर दुसऱ्यांदा मिळतो.

वेगळं टेबल करा: सीरिज, आर्थिक वर्ष, शेवटचा नंबर. सेव्ह दाबल्यावर ट्रान्झॅक्शनमध्ये आधी स्टॉक आणि बिलाची बाकी तपासणी, मग या टेबलातली ओळ एकने वाढवायची, तो नंबर बिलाला लावायचा, कमिट. दुसरा काउंटर तेवढे काही मिलिसेकंद थांबतो. नंबर स्क्रीन उघडताना काढला की मधले नंबर गळालेच. दोन गोदामांना दोन सीरिज दिल्या तर एकमेकांसाठी थांबणंही नाही: तीन अक्षरी गोदाम कोड, तिरकी रेघ, २५-२६, तिरकी रेघ, सहा आकडे, नेमकी १६ चिन्हं.

स्टॉकचंही तसंच. मालाची ४० खोकी शिल्लक. एका गोदामाचा क्लार्क ४० बघतो आणि ३० काढतो, त्याच क्षणी ऑफिसातला ४० बघून २५ काढतो. सॉफ्टवेअर ‘शिल्लक वाचा, वजा करा, उत्तर लिहा’ असं करत असेल तर शेवटी शिल्लक दिसेल १५ किंवा १०, आणि गेली असतात ५५. वजाबाकी एकाच अपडेटमध्ये करा, ‘शिल्लक कमी करा ३० ने, जर शिल्लक ३० किंवा जास्त असेल तर’, आणि किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य आलं की माल नाही. चारही डेटाबेस मूळ सेटिंगला हे बरोबर करतात.

भिवंडी ते मशीद बंदर

सर्व्हर कुठे ठेवायचा हे डेटाबेस निवडण्याइतकंच महत्त्वाचं. साठ ओळींच्या बिलाला सॉफ्टवेअर ओळीमागे तीन क्वेरी मारत असेल तर १८० खेपा. ऑफिसच्या लॅनवर खेपेला अर्धा मिलिसेकंद धरला तर ०.०९ सेकंद, कुणाला कळतही नाही. गोदामाच्या लाइनवर खेपेला २० मिलिसेकंद धरले तर ३.६ सेकंद, प्रत्येक बिलाला. म्हणून डेस्कटॉप सॉफ्टवेअर असेल तर गोदामातून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या सर्व्हरवर काम करा. नवं लिहिताय तर वेबवर लिहा, ॲप्लिकेशन आणि डेटाबेस शेजारी ठेवा. एसक्यूएलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची फाइल शेअर्ड फोल्डरवर ठेवून सगळ्यांनी वापरायची कल्पना कुणी सुचवली तर नकार द्या, नेटवर्कवरच्या लॉकमुळे फाइल खराब होते.

सर्व्हर तळमजल्यावर नको, हे मुंबईकराला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आणि १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून शहरात तासन् तास वीज नव्हती. यूपीएसची अर्धा तासाची बॅटरी सर्व्हर नीट बंद करायला असते, बिलं फाडत बसायला नाही. क्लाउडचा विचार असेल तर ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आणि हैदराबादचं २०२२ पासून आहे. चालता डेटाबेस मुंबईत, बॅकअपची एक प्रत हैदराबादला. फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं कायद्यानेच आलं. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून बंद न करता येणारा एडिट लॉग लागतो. ऑडिटर आता विचारतात की सॉफ्टवेअर बाजूला ठेवून कुणी थेट डेटाबेसमध्ये आकडा बदलला तर कुठे दिसेल? एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून टेम्पोरल टेबल्स (ओळींची जुनी रूपं जपणारी) देतो, मारियाडीबी १०.३ पासून तसंच काही. पोस्टग्रेसमध्ये ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) आणि पीजीऑडिट हे नोंदी ठेवणारं एक्स्टेंशन लावावं लागतं. सॉफ्टवेअरच्या लॉगिनला लॉगच्या टेबलातून पुसायचा अधिकार देऊ नका, आणि ॲडमिनचा पासवर्ड डेव्हलपरच्या फोनमध्ये राहू देऊ नका.

बॅकअप सगळ्यांत घेता येतो; रिस्टोअर करून बघणारे थोडे. तीन महिन्यांतून एकदा वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करा, घड्याळ लावून, आणि कालच्या शेवटच्या बिलाचा नंबर जुळवा. एक्स्प्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा) नाही, तिथे विंडोजच्या टास्क शेड्युलरने बॅकअप लावावा लागतो आणि तो टास्क पासवर्ड बदलला की गुपचूप बंद पडतो. मायएसक्यूएलचा डंप ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’शिवाय काढू नका. पोस्टग्रेसला रोजचा डंप पुरत नाही. चार वाजता डिस्क गेली तर दिवसभराची बिलं गेली, म्हणून वॉल आर्काइव्हिंग (बदलांचा लॉग सतत बाहेर साठवणं) चालू ठेवून बेस बॅकअप घ्या.

तर तुमच्यासाठी

डेव्हलपरकडून दोन आकडे मागा: स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) किती आणि त्यांच्या कोडच्या एकूण ओळी किती. प्रोसिजर पन्नासच्या आत असतील आणि बाकी सगळं साध्या क्वेरींचं असेल तर पोस्टग्रेसवर हलवणं दोन-तीन महिन्यांचं काम आहे. तीनशे-चारशे असतील तर चार कोअरचं स्टँडर्ड घ्या, ते हलवण्याच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडेल. डेव्हलपरच सापडत नसेल, सोर्स कोड हातात नसेल, तर हा प्रश्न डेटाबेसचा राहिलेलाच नाही; आधी दोन वर्षांत नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवा आणि तोवर २०२५ एक्स्प्रेसवर दिवस काढा.

हलवताना चुकतं ते क्वेरींच्या व्याकरणात नाही, ते टूल दुरुस्त करतं. चुकतं ते सवयींत. एसक्यूएल सर्व्हर सहसा लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक करत नाही, पोस्टग्रेस करतो. पार्टी कोड काल सापडत होता तो आज सापडत नाही. हलवण्याआधीच सगळे कोड एका रूपात आणा. पैशाचे कॉलम ‘फ्लोट’ (अंदाजे आकडा ठेवणारे) असतील तर हीच वेळ, न्यूमेरिक १५,२ करा, आणि जुन्या-नव्या बेरजेत पैशा-दोन पैशाचा फरक येईल तो अकाउंटवाल्यांना आधी सांगून ठेवा. ताळा घ्यायचा तो ओळींच्या संख्येने नव्हे. पार्टीवार बाकी आणि मालवार शिल्लक दोन्हीकडे काढून वजा करा, उत्तर शून्य यायला हवं.

दिवस निवडताना जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख टाळा, २० नंतरचा शनिवार घ्या. शनिवारी संध्याकाळी गोदामं बंद झाल्यावर जुनं फक्त वाचण्यापुरतं करायचं, रात्री डेटा हलवायचा, रविवारी ताळा, सोमवारी सकाळी पहिलं बिल नव्यावर. रविवारी दुपारी दोनपर्यंत ताळा शून्य आला नाही तर परत जुन्यावर जायचं, आणि हे आधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, कारण दोन वाजता प्रत्येकाला ‘अजून तासाभरात होईल’ असंच वाटतं. जुन्या मशीनची डिस्क मोडीत काढू नका. कंपनीला हिशोबाच्या वह्या आठ वर्षं ठेवाव्या लागतात, आणि जुना बॅकअप उघडायला तीच एसक्यूएल सर्व्हरची आवृत्ती किंवा तिच्यापेक्षा वरची लागते. तिचा सेटअप आणि सॉफ्टवेअरची शेवटची एक्झी (चालवायची फाइल) त्याच डिस्कवर ठेवून द्या.